ज्युरीत ताई, निकालात आम्ही

घरात एखादाच बोलघेवडा असला तर किस्से होतात. आमच्याकडे सगळेच आहेत, त्यामुळे कारनामे होतात! त्यातला हा सांगताना मला अजून दरदरून घाम फुटतो, आणि तो अबुधाबीच्या उकाड्याचा नव्हे.

माझी ताई इंग्लंडला असते. तिचं ज्युरीत नाव निघालं. म्हणजे बारा साध्या माणसांनी खटला ऐकून आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवायचं. एका म्हातारीच्या घरात घुसून तिचा हात मोडल्याची केस होती. बाहेर ब्र काढायचा नाही, अशी जजची ताकीद. ताईने ती ताकीदसुद्धा आम्हाला व्हिडिओ कॉलवर सांगितली!

*

आई माझ्याकडे अबुधाबीतल्या खलिफा सिटीत असते. तिचा पहिला प्रश्न, "मुलगा दिसायला कसा आहे गं?"

"आई, स्थळ नाही ते, आरोपी आहे!"

"तेच विचारतेय. नजरेला नजर देऊन बोलतो का?"

*

धाकटा भाऊ बंड्या दुबईपलीकडे उम्म अल कुवैनला फॅक्टरीत सुपरवायझर. त्याने नेटवरून आरोपीच्या जुन्या भानगडी शोधून फॅमिली ग्रुपवर टाकल्या. "ताई, ये पहलेसेच ऐसा है. खलास! गिल्टी!"

दुसऱ्या दिवशी ताईने ते उरलेल्या अकरा जणांना सांगितलं.

*

माझी मुलगी मीरा इथेच वाढलेली. ती ओरडली, "बाबा, दिस इज सो इल्लीगल!"

"अगं, आपण घरचेच आहोत," मी म्हणालो. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

*

आरोपी दोषी ठरला. आम्ही श्रीखंड आणलं!

काही महिन्यांनी ताईचा फोन आला, हुंदके देत. ज्युरीत बाहेरची माहिती पोचली म्हणून वरच्या कोर्टाने ती शिक्षाच रद्द केली. खटला पुन्हा पहिल्यापासून. त्या म्हातारीला पुन्हा त्याच माणसासमोर उभं राहून सगळं सांगायचं होतं. आणि ताईवरच आता केस झाली होती.

"मलाच आत जावं लागेल रे बहुतेक," ती म्हणाली. आमच्या तोंडचं पाणी पळालं. आई तर देवासमोर जाऊन बसली.

*

पण कोर्टाला कळलं कसं? आम्ही एकमेकांकडे संशयाने बघायला लागलो. शेवटी बंड्याने घसा खाकरला.

"दादा, मी फक्त एक ईमेल टाकला होता. ताईने एवढं काम केलं, कोर्टाने एक सर्टिफिकेट तर द्यावं!"

"ताईच्या नावाचं?"

"सगळ्यांच्या! रोज चर्चेला कोण कोण बसायचं ते लिहिलं ना मी. आईचं नाव पहिलं घातलंय, मोठी म्हणून!"