लुंबिनीतून लागलेला फोन

आमच्या घरात चमत्कार मानत नाहीत. सासूबाईंपुढे कुणी तसलं काही बोललं, तर त्या त्याला तिथल्या तिथे गप्प करतात. म्हणून लुंबिनीत जे घडलं, ते मी जसं घडलं तसंच सांगते. त्याला काय नाव द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

आम्ही बदलापूरला, शिरगावात राहतो. कॉलनीतल्या बुद्धविहारात दर रविवारी सासूबाई वंदना सांगतात. त्या पुढे म्हणणार आणि बाकी सगळे त्यांच्यामागे. त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा त्या पाळण्यात होत्या. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. पाली त्या ऐकून ऐकून शिकल्या, आणि अशा शिकल्या की मागे कुणाचा एक शब्द घसरला तरी त्यांचा हात वर जातो. बाहेरगावचे भन्तेजी आले की त्या आधी त्यांच्यापुढे बसून विचारतात, "माझं काही चुकतंय का?" आजवर कुणाला चूक सापडलेली नाही. अशी सासू मिळाल्याचं मी चारचौघांत मिरवते, इथेही मिरवते.

विहारातल्या बायकांचं लुंबिनीला जायचं ठरलं, तेव्हा पहिलं नाव सासूबाईंचं होतं. आणि नेमक्या त्याच पाय घसरून न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टर म्हणाले, वॉकर धरून चालायला लागा. पण त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागल्या. "माझं झालं आता," एवढंच बोलायच्या. सकाळ-संध्याकाळची घरातली वंदनाही त्यांनी सोडली. मोडलेल्या हाडापेक्षा मला त्या गप्प बसण्याची भीती वाटली. त्यांच्या जागी मी जायचं ठरलं, त्यावरही त्या फक्त "जा" म्हणाल्या.

एका दुपारी मी त्यांच्या उशाशी बसले आणि म्हटलं, "आई, मी तिथं बोधिवृक्षाखाली बसते आणि फोन लावते. तुम्ही इथून वंदना सांगा, आम्ही तिथून तुमच्यामागं म्हणू." त्या मान वळवून म्हणाल्या, "लागंल का गं फोन तिथं?"

"का नाही लागणार? माझ्यावर सोडा."

त्या संध्याकाळी त्यांनी आपणहून पांढरी साडी इस्त्रीला द्यायला सांगितली. दोन घास जास्त जेवल्या. मला आभाळ ठेंगणं झालं.

निघण्याआधी फोनची फुटलेली काच बदलायला मी उल्हासनगरला, कॅम्प दोनच्या बाजारात गेले. दुकानदार काच बसवता बसवता म्हणाला, "भाभी, नेपाल जा रहे हो तो रोमिंगका पॅक इधरसेच डालके जाओ. उधर अपना सिम ऐसेही नहीं चलता." मला वाटलं, याला पॅक खपवायचाय. मी म्हटलं, "भैया, नेपालको पासपोर्ट नहीं लगता, तो फोनको क्या लगेगा?" तो हसला आणि फोन हातात दिला. दुकानदाराची कशी जिरवली, हे मी घरी दोनदा सांगितलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

सीमेवरून मी घरी शेवटचा फोन केला. आमचे हे म्हणाले, "आई उशांना टेकून बसल्यात. विहारातल्या मागं राहिलेल्या बायकाही आल्यात. लवकर लाव." गाडी नेपाळच्या हद्दीत शिरली आणि थोड्याच वेळात फोनवरचं नेटवर्क गेलं. ना साधा फोन, ना इंटरनेट. आमच्यातल्या एकीचाही फोन चालेना. पासपोर्टचं माझं शहाणपण मी सगळ्यांना आधीच वाटून ठेवलं होतं ना! गाडीतून उतरल्यावर सिमकार्डाचं दुकान शोधलं, तर ते बंद. शनिवारी तिथे सुट्टी असते.

ज्या जागेसाठी माणसं समुद्र ओलांडून येतात, तिथे मी उभी होते आणि मला ना मायादेवीचं मंदिर दिसत होतं, ना अशोकाचा स्तंभ. पुष्करिणीच्या काठी, बोधिवृक्षाभोवती मी फोन उंच धरून फिरत होते. डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. सासूबाई पांढऱ्या साडीत बसल्यात, सगळ्या बायकांसमोर फोनकडे बघताहेत, आणि आता हळूहळू पुन्हा भिंतीकडे वळताहेत. या वेळी वळल्या तर त्यांना परत वळवणं मला जमणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी तिथेच रडायला लागले.

आमच्या गटाच्या विमलताईंनी माझा हात धरून खाली बसवलं. "बास कर आता. ठेव तो फोन. आपण कशाला आलोय? सुरू कर."

मी फोन मांडीशेजारी जमिनीवर ठेवला. आता माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं. हात जोडले, डोळे मिटले, आणि सासूबाईंच्या चालीत 'नमो तस्स' सुरू केलं. दुसऱ्या खेपेला मागून भरपूर आवाज मिसळले. चाल निराळी, पण शब्द अक्षर न् अक्षर तेच. डोळे उघडून पाहिलं, तर आमच्यासारख्याच पांढऱ्या वेशातल्या पुष्कळ बायका मागे येऊन बसल्या होत्या. त्या श्रीलंकेच्या होत्या. त्यांच्यातली एक जाड चष्म्याची वयस्क बाई माझ्या अगदी जवळ बसली. तिने माझा ओला चेहरा पाहिला, जमिनीवरचा फोन पाहिला आणि खुणेनेच विचारलं, काय झालं?

मी फोनमधला सासूबाईंचा फोटो दाखवला. एक पाय धरून मोडल्याची खूण केली, आडवा हात करून झोपून असल्याची केली, आणि रिकाम्या नेटवर्ककडे बोट दाखवलं. "अम्मा?" तिने विचारलं. मी मान हलवली. मग तिने स्वतःचा फोन काढला, त्याचं हॉटस्पॉट चालू केलं, माझा फोन घेऊन त्यात पासवर्ड टाकला आणि तो माझ्या हातात ठेवला. एका शब्दाने आभार मानायचीही तिने सवड दिली नाही, नुसतं बोटाने सांगितलं, लाव.

मी व्हिडिओ कॉल लावला, तो पहिल्याच रिंगला उचलला गेला. सासूबाई अजून तशाच बसल्या होत्या. "किती वाट बघायची गं?" त्या म्हणाल्या, आणि मग बारीक डोळे करून, "मागं त्या कोन हायेत?"

"श्रीलंकेच्या आहेत, आई. तुमच्यामागं म्हणणार आहेत."

त्यांनी पदर सावरला, घसा साफ केला आणि सुरुवात केली. आधी आवाज कापरा होता. 'दुतियम्पि', म्हणजे दुसऱ्यांदा सरण म्हणायच्या ओळी, येईपर्यंत तो विहारातल्यासारखा खणखणीत झाला. तेवढ्यात चित्र गोठलं, आवाज तुटला. त्या बायकांना पुढचं सगळं पाठ होतं, त्या सहज पुढे जाऊ शकल्या असत्या. पण चष्म्याच्या बाईंनी हात वर केला आणि सगळ्या थांबल्या. बोधिवृक्षाखाली सगळ्याजणी शिरगावच्या खाटेवरून येणाऱ्या पुढच्या शब्दासाठी गप्प बसून राहिल्या. मग शब्द आला आणि सगळ्यांनी तो मागून म्हटला.

ज्या सासूबाईंच्या आजीला गावच्या देवळाच्या पायरीला हात लावू दिला नव्हता, त्यांच्यामागे परदेशच्या बायका वंदना म्हणत होत्या. माझी छाती अभिमानाने भरून आली, आणि ती अजून तशीच आहे.

वंदनेच्या शेवटचं 'साधू, साधू, साधू' झाल्यावर त्या बायका एकेक करून फोनपुढे गुडघे टेकून वाकू लागल्या. थोरांना वाकून नमस्कार करायची त्यांच्याकडे रीतच असावी. सासूबाई खाटेवर हादरल्या. "अगं बायांनो, माझ्यापुढं काय वाकताय! मागं फिरा, बोधिवृक्षाला करा!" असं ओरडताना त्या हसत होत्या आणि रडतही होत्या.

सरण जाणं म्हणजे काय, हे मी इतकी वर्षं नुसतं तोंडाने म्हणत आले. फोन उंच धरून धावत होते तोवर सगळं माझ्याच जिवावर करायची माझी धडपड होती. तो खाली ठेवला आणि मागे बसलेली माणसं मला ऐकू आली. त्या बाईंचं नावही मी विचारलं नाही. त्यांचं मंगल होवो, एवढंच रोज मनात म्हणते.

सासूबाईंचा पाय काही एकाएकी बरा झाला नाही. पण मी परतल्यानंतरच्या रविवारी त्यांनी स्वतः वॉकर मागितला आणि विहारापर्यंत चालत पोचायला लागेल तेवढा वेळ घेतला. खुर्चीत बसल्यावर सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "माझ्यामागं श्रीलंका म्हनती. तुम्ही तरी नीट म्हना."