इंजिनाच्या पुढे

भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून आत जायची. विश्वास नव्हता, आणि वाद घालायचा धीरही नव्हता. शाळा नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये झालेली — मराठी लिहिताना अजून अडखळते, सांभाळून घ्यावे.

राज्यांची फेररचना चालली होती. सौंसर मध्य प्रदेशात राहणार की विदर्भाबरोबर मुंबई राज्यात जाणार, यावरून रोज सभा. मी पांढुर्ण्याहून सौंसरला ताईकडे आले होते. तिचा दोन वर्षांचा बंडू रात्रभर रडला. सकाळी दवाखान्यात नेलं, तर हर्नियात आतडं अडकलेलं. डॉक्टर म्हणाले, आत्ताच ऑपरेशन करावं लागेल. नेमका त्या दिवशी याच वादापायी गावात बंद होता. बस नाही, म्हणून लोधीखेड्याहून येणारी नर्स नाही. गुंगीचं ईथर कंपाउंडर देणार... पण नाडी कोण धरणार?

"हिला येते," ताईने मला पुढे ढकललं. "शाळेत फर्स्ट एड शिकली."

"मघापासून एक शब्द बोलली नाही ही," डॉक्टर म्हणाले. "आत तरी तोंड उघडशील ना?"

मी मान हलवली.

"पाहा, पुन्हा मानच हलवून राहिली!" मग त्यांनी समजावलं. "आतडं ओढलं की लेकराची नाडी एकदम हळू पडते. तसं होऊ नये म्हणून अ‍ॅट्रोपिनची सुई दिली आहे. तरी भरवसा नाही. हळू झाली की ओरड."

हळू म्हणजे किती? विचारायचं धाडस झालं नाही. जवळ घड्याळ नव्हतं. पण दवाखान्यामागे कापसाचं जीन होतं, सरकी काढायचा कारखाना. आठवडाभर ताईच्या घरी त्याचं इंजिन ऐकत होते, तेच ठोके खिडकीतून येत होते. ठक्... ठक्... मधेच एक ठोका अडखळल्यासारखा. बंडूची नाडी त्याच्या कितीतरी पुढे धावत होती. मी ठरवलं, ती पुढे आहे तोवर गप्प राहायचं.

ईथरच्या वासाने डोकं जड झालं. डॉक्टरांनी आतडं हलकेच ओढलं... आणि नाडी इंजिनाच्या बरोबरीला आली. माझीच बोटं बधिर झाली असतील का? उगाच ओरडले तर? तेवढ्यात इंजिनाचा ठोका पडला, आणि बोटाखाली काहीच आलं नाही.

"मागे पडली!"

"काय?"

"नाडी... इंजिनाच्या मागे!"

डॉक्टरांनी आतडं सोडलं. "ईथर काढ! अजून एक सुई, लवकर!"

बंडूचे ओठ निळसर झाले होते. मी ठोके ऐकत राहिले. खूप वेळाने बोटाखाली एक फडफड... मग दुसरी... मग नाडी इंजिनाला गाठून पुढे निघाली.

ऑपरेशन आटोपल्यावर हात धुताना कंपाउंडरने विचारलं, "बाई, कोन्तं इंजिन म्हणत होत्या? जीनले त सकाळपासून कुलूप हाय."

मी मागच्या व्हरांड्यात गेले. जीनचं फाटक लावलेलं, कापसाच्या गाड्या बैल सोडून उभ्या, धुराड्यातून धूर नाही. आणि आवाजही नाही.

"घाबरली होतीस. स्वतःच्याच छातीचे ठोके ऐकले असशील," डॉक्टर म्हणाले. असेल. पण माझं काळीज तेव्हा इतकं संथ नव्हतं, आणि त्या ठोक्यांत इंजिनाची ती अडखळ होती.

बंडू आता अंगणभर पळतो. मी ताईकडे आलेली असले, की दुपारी पाळी बदलताना जीनचं इंजिन थांबतं, तेव्हा ताई आणि मी हातातलं काम टाकून आधी बंडूकडे पाहतो.