शुद्धीवर येतानाची थंडी

भूल देणाऱ्या डॉक्टरकडे कसले आलेत किस्से, पेशंट तर झोपलेला असतो, असं माझा नवरा म्हणतो. पण आमचे किस्से जमतात ते पेशंट जागा होताना. भुलीत अंगातली ऊब कातडीकडे पसरते आणि थिएटरच्या गारव्यात निघून जाते. झोपलेल्या शरीराला कुडकुडताही येत नाही. जाग आली की ते राहिलेलं सगळं कुडकुडून घेतं. आणि माणसाला नेमकी त्याचीच लाज वाटते.

तिसगावचा एक पैलवान होता. हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि तो असा थरथरायला लागला की खाट खडखडत होती. मी पांघरूण घालायला वाकले तर त्यानं माझी बाही धरली. हळूच म्हणाला, "मॅडम, मी भ्यालो न्हाई. पन भावाला आत्ता आत सोडू नका."

सावेडीच्या एक रिटायर्ड शिक्षिका स्वेटर घालूनच थिएटरात आल्या. आत काही थंडी वाजत नाही बाई, असं म्हणत आम्ही हसत हसत तो काढून घेतला. शुद्धीवर आल्या तेव्हा अंगभर काटा, दातावर दात आपटताहेत. तक्रार केली नाही. वर्गात विचारावं तसं विचारलं, "मघाशी कोण कोण हसत होतं?"

सिस्टरनं खरंच हात वर केला.

आमच्या सर्जनना एसी कडक लागतो. राउंडला एका ट्रक ड्रायव्हरनं त्यांना विचारलं, आतली खोली एवढी गार कशापायी ठेवता. सर सवयीनं बोलून गेले, "आम्हाला गाऊनमध्ये घाम येतो ना."

ड्रायव्हरच्या अंगावर ब्लँकेटांचा ढीग. त्यातून त्यानं मान डोलावली. "मंग बराबर हाय."

सर पुढच्या खाटेकडे गेलेच नाहीत. त्याच्या पायावरून सरकलेलं ब्लँकेट नीट करत राहिले.

आणि ती भंडारदऱ्याकडची नवी सून. पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन वॉर्डात आली तरी काकडत होती, पाय गारठलेले. भोवती नवरा, सासू, सासरे. नवऱ्यानं एकदा वडलांकडे पाहिलं, मग खाली बसला आणि तिचं एक पाऊल शर्टाच्या आत पोटाशी धरलं. सासरे बाहेर निघून गेले. ती शरमेनं पाय ओढायला लागली.

"सोडा. आत्या बघत्यात."

त्यानं सोडलं नाही.

आत्या म्हणजे सासूबाईच. त्या पुढे आल्या. मला वाटलं, आता सुनावणार. त्या खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसल्या आणि दुसरं पाऊल पदरात घेतलं.