आखाजीची क्रियापदं

इंग्रजी पाचवीच्या वार्षिक परीक्षेत मी नापास झालो तो एकाच विषयात, आणि त्या विषयातही एकाच गोष्टीपायी. गणित बरं होतं, इतिहास पाठ होता, भाषांतरात तर शिक्षकांनी शाबासकी दिली होती. क्रियापदांनी घात केला.

माझी समजूत अशी होती की भाषा ही न्यायाने चालणारी गोष्ट असते. 'वॉक'ला शेवटी 'ईडी' जोडलं की भूतकाळ होतो, मग 'गो'ने काय पाप केलं? म्हणून मी पेपरात सरळ 'गोएड' लिहिलं, 'कॅच्ड' लिहिलं, 'ब्रिंग्ड' लिहिलं. कुठे 'वेंट' आठवलंच, तर भीतीपोटी त्याच्या आधी 'डिड'ही घातलं. एक भूतकाळ सांगायला विसरला तर दुसरा सांगेल, असा माझा हिशेब. शिक्षकांनी पेपर हातात देताना एवढंच म्हटलं, "अरे, 'डिड'ने एकदा सांगितलं ना? एका घरात दोन कारभारी कशाला?"

ते पुण्याकडचे होते. मोजकं बोलत, छडी क्वचित उचलत. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जूनमध्ये शाळा उघडली की तुझी एकट्याची तोंडी परीक्षा घेतो. फक्त क्रियापदं. आली तीन-तीन रूपं, तर वर चढवतो. नाहीतर पुन्हा पाचवी."

पुन्हा पाचवी मला मिळणार नव्हती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी नंदुरबारला एका मारवाडी दुकानदाराच्या गोदामामागच्या खोलीत राहून शिकत होतो आणि घरी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शेतावर माणूस हवा होता. आमच्याकडे शेतीचं साल आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं. सालदार, म्हणजे वर्षभराच्या बोलीवरचा गडी, ठेवायचा तो त्याच सणात ठरतो. मी निकाल सांगितला तेव्हा आबा बैलाच्या पायातला काटा काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कसामा नापास व्हयना?"

"इंग्रजीमा. पन जूनमा फिरी परीक्षा शे."

"आखाजी जूनना पह्यले येस," आबा म्हणाले. "आखाजीले ठरावसूत. सालदार ठेवाना, का तुन्हा हातमा औत देवानं."

त्यात राग नव्हता. राग असता तर मी रडून घेतलं असतं. त्यात फक्त एक साधी अडचण होती, आणि ती मी होतो.

आखाजीसाठी आक्का माहेरी आली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. धानोऱ्याच्या बाजूला दिलेली. आखाजी हा आमच्याकडे सासुरवाशिणींचा सण. गावातल्या सगळ्या लेकी परत येतात, गौराई बसवतात, निंबाच्या फांदीला दोर टाकून झोके बांधतात आणि दिवसभर गाणी म्हणतात. सासरी वर्षभर गिळलेलं सारं त्या चार दिवसांत बाहेर पडतं.

मी त्याच निंबाखाली व्याकरणाचं पुस्तक घेऊन बसे, कारण गावात तेवढीच दाट सावली होती. मी पुटपुटायचो, "गो, वेंट, गॉन." वर झोक्यावरून आक्का ओरडायची, "जोरमा म्हन ना रे! मंत्र शे का चोरी करी ऱ्हायना?"

एका दुपारी तिने झोका थांबवून विचारलं, "याना अर्थ काय?"

"जाणं."

"मंग तीनदा काबर म्हनस? आम्हले तं एकच पुरस. सासरी जास. व्हयनं."

बाकीच्या पोरी खिदळल्या. मी रागाने समजावू लागलो, की एक आत्ता जाण्याचं, एक पूर्वी जाण्याचं, आणि एक जाऊन झालेल्याचं. आक्काने दोर धरून थोडा विचार केला. "जास, गयी, गयेल," ती म्हणाली. "मंग इतला काबर मराय ऱ्हायना? आपला घरमा बी तीनच शेतस."

मी शाळेत प्रमाण मराठी शिकलो होतो, पुस्तकात इंग्रजी शिकत होतो आणि घरची अहिराणी ही शिकण्यासारखी भाषा आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. आक्कालाही तसं काही वाटत नव्हतं. ती लगेच विसरून पुन्हा झोक्यावर चढली. पण माझ्या मनात 'गोएड' त्या दिवशी मेलं. 'जास'चं 'गयी' होताना आम्ही कुणाकडे न्याय मागायला गेलो नव्हतो.

मग तिने खेळच मांडला. मी पुस्तकातून पहिलं रूप ओरडायचं. झोका पुढे जाताना पोरींनी ते म्हणायचं, मागे येताना दुसरं, आणि पाय जमिनीला टेकला की तिसरं. "ब्रेक" पुढे, "ब्रोक" मागे, "ब्रोकन" धुळीत. दोन दिवसांत त्यांना गौराईच्या गाण्यांइतकीच क्रियापदं पाठ झाली. अर्थाची त्यांना फिकीर नव्हती. 'ड्रिंक, ड्रँक, ड्रंक' म्हणताना तर त्या हसून झोक्यावरून घसरायच्या, कारण ते त्यांना ढोलकीच्या बोलांसारखं वाटे. चुकलं तर मला झोक्यावर बसवत आणि मुद्दाम इतका उंच चढवत की निंबाचा पाला तोंडाला लागायचा. त्या भीतीने जे डोक्यात बसलं ते अजून हललेलं नाही.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी गौराई बोळवायला नदीवर गेलो. आमची नदी तापीला मिळणारी, लहानशी. वैशाखात मधे एक पाण्याची रेघ उरते. पलीकडे दुसरं गाव. त्या दिवशी दोन्ही गावांच्या बाया आपापल्या काठावर उभ्या राहून एकमेकींना शिव्या देतात. याला आमच्याकडे 'बार' म्हणतात. भांडण नसतं, सण असतो. ज्या गावाला उत्तर सुचत नाही ते हरलं, आणि वर्षभर बाजारात ऐकून घ्यायचं. पुरुष मागे उभे राहून ऐकतात आणि काही ऐकलं नाही असं दाखवतात.

त्या वर्षी आम्ही हरत होतो. पलीकडे एक पोक्त बाई होती, तिचा आवाज काळ्या मातीत औत घुसावं तसा घुसत असे.

"तुमना गावना गडीस्न्या मिशा उंदरं कुरतडी गयात वं!"

"तुमना गावले उंदरं बी नही ऱ्हातस, खावाले काय भेटस त्यास्ले?" आमच्या बाजूने कुणीतरी म्हणालं, पण ते फिकं पडलं.

मग त्या बाईने आक्काला हेरलं. "आणि तू वं! तुन्हा भाऊ मोठा साहेब व्हवाले गयथा ना? आयना ना परत नापास व्हईसन! आते बैलस्ले इंग्रजी शिकाडी!"

पलीकडचा सगळा काठ हसला. मी मागे उभा होतो. आबाही थोड्या अंतरावर उभे होते, आणि त्यांच्याशेजारी डोंगरातून, मोलगीच्या बाजूने, सालाच्या कामासाठी आलेला एक माणूस बसला होता. आबांनी त्याला अजून होही म्हटलं नव्हतं, नाहीही. मी खाली मान घातली. मला वाटलं, झालं, इथेच ठरलं.

आक्काजवळच्या साऱ्या शिव्या संपल्या होत्या. मग तिने कमरेवर हात ठेवला आणि पूर्ण ताकदीने ओरडली,

"स्टील! स्टोल! स्टोलन!"

तिच्यामागे झोक्यावरच्या साऱ्या पोरींनी तेच उचललं. मग "ब्रेक! ब्रोक! ब्रोकन!" मग "ईट! एट! ईटन!" बोटं पलीकडे रोखलेली, पदर खोचलेले, आणि प्रत्येक तिसऱ्या शब्दाला पाय वाळूत आपटायचा.

पलीकडच्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. काय म्हटलं ते कळेना, त्यामुळे उत्तर काय द्यावं तेही कळेना.

"काय म्हनी ऱ्हायनी वं ती?" एकीने विचारलेलं आम्हाला इकडे ऐकू आलं.

"साहेबस्न्या शिव्या शेतस वाटस."

ती पोक्त बाई शेवटी हात झटकून म्हणाली, "जाय वं माय! तुन्हासंगे बोलानं तं आते वकील करना पडी!"

दोन्ही काठ हसले. आम्ही जिंकलो होतो.

आबा माझ्याजवळ आले. "ह्या शिव्या शेतस का रे?"

मला खोटं सुचलं नाही. "नही आबा. हाऊच मन्हा अभ्यास शे. याच्यामाच मी नापास व्हयनू."

आबांनी वाळूत नाचणाऱ्या आक्काकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मन्ही आंडेर चार दिवसमा झोकावर बठी शिकी गयी. तुले येस का आते?"

"येस."

"सगळं?"

"सगळं नही. बरंच येस."

"सगळं येस म्हनता तं सालदार नही ठेवतू," ते म्हणाले, आणि वळून त्या डोंगरातल्या माणसाकडे गेले. संध्याकाळी त्याच्या हातावर पान-सुपारी ठेवली गेली, माय त्याला आमच्या पंक्तीला वाढत होती, आणि मी माझ्या ताटातली पुरणपोळी तशीच ठेवली. आनंदाने की लाजेने, तेव्हाही सांगता आलं नसतं. माझं औत तो धरणार होता. माझ्या उन्हात तो उभा राहणार होता. त्याने पुढे पुष्कळ सालं आमच्याकडे काढली आणि मला एकदाही ते जाणवू दिलं नाही. मीच ते स्वतःला जाणवून देत आलो.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर शिक्षकांनी मला मोकळ्या वर्गात उभं केलं. ते पहिलं रूप म्हणत, मी पुढची दोन. मधेच थांबून त्यांनी विचारलं, "हलतोस का रे? बरं नाही का?"

मी पुढे-मागे डुलत होतो, हे मला कळलंच नव्हतं. "नाही सर. झोका आहे," मी म्हणालो.

त्यांना काहीच समजलं नाही, पण त्यांनी मला हलू दिलं. एवढ्यासाठीही मी त्यांचा ऋणी आहे. दुसऱ्या एखाद्याने ताठ उभं राहा म्हटलं असतं, आणि सगळी क्रियापदं गळून पडली असती. मग त्यांनी वाक्यं करायला सांगितली. मी 'डिड गो' म्हटलं, 'डिड वेंट' नाही. 'हॅज गॉन' म्हटलं. 'लाय' आणि 'ले' यांत मी आपटलो, त्यांनी हात वर करून थांबवलं. "पुरे. त्यात मीही कधीकधी आपटतो. जा सहावीत."

आता मी स्वतः इंग्रजीचा शिक्षक आहे. माझे केस पांढरे होत चाललेत आणि माझ्यासमोर पाड्यांवरून, खेड्यांवरून आलेली मुलं बसतात. कुणी घरी पावरी बोलतं, कुणी डोंगरपट्ट्यातली कोकणी, कुणी माझ्यासारखी अहिराणी. 'गोएड' लिहिणारा दर वर्षी एक तरी भेटतो. मी त्याला आधी विचारतो, "घरी कसं म्हणतोस? जाताना काय, गेल्यावर काय?" तो लाजत सांगतो. मग पुढचं सोपं जातं. इन्स्पेक्टर साहेब याला माझी पद्धत म्हणतात. माझं काही नाही त्यात. पण दर वेळी तसं सांगायला मी धजावत नाही, आणि ते मनाला लागून राहतं.

त्याहून जास्त लागतं ते वेगळंच. त्या दिवशी नदीवर आबांनी आक्काकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि शाळा माझ्या पदरात टाकली. दोन मुलं समोर होती. कुणालाही, आबांना, मायला, मला, खुद्द आक्कालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिची गाडी जुंपली गेली आणि ती सासरी गेली. मी तिच्या गाडीमागे शिवेपर्यंत चालत गेलो. सुटीचा उरलेला सगळा महिना मी तिच्या चालीवर घोकत राहिलो. यात मी काही गुन्हा केला असं कुणी म्हणणार नाही. पण देणाऱ्याला आपण काय दिलं हेच माहीत नसलं, की घेणाऱ्याला ते दुप्पट वाहावं लागतं. मी एकदा तिला हे बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "येडा शे का तू? तितली मजा मले जनममा नही आयनी."

तिच्या या बोलण्याने मला हलकं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही.

सहावीत चढलो त्या आठवड्यात मी धानोऱ्याकडे जाणाऱ्या एका गाडीवानाजवळ निरोप दिला, की आक्काला सांग, पास झालो. चिठ्ठी देऊन उपयोग नव्हता, तिला वाचता येत नव्हतं. आठ-दहा दिवसांनी तोच गाडीवान बाजारात भेटला. हसू दाबत म्हणाला, "तुन्ही बहीननी सांगेल शे. पुढला आखाजीले नवीन काहीतरी शिकीसन ये. हाई तं नदीपारन्या बायास्ले आते पाठ व्हई गयं व्हई."

त्या वर्षी सहावीच्या पुस्तकातली क्रियापदं मी दोघांसाठी पाठ केली.