सेवा सुरू झाल्याचा निरोप

हे मी आजवर कुणाला, अगदी बायकोलाही, सांगितलेलं नाही. परवा जुना सर्व्हर उघडताना तापलेल्या धुळीचा वास आला आणि बिबवेवाडीतलं आमचं छोटं ऑफिस आठवलं. लिनक्स या संगणक प्रणालीवरच्या सेवा, म्हणजे पडद्याआड चालणारे प्रोग्राम, सुरू-बंद करणारा प्रोग्राम एक सहकारी बाई लिहीत होत्या. त्याचे निरोप मेसेज बसवरून, म्हणजे सामाईक निरोप-वाहिनीवरून, इतर प्रोग्रामना पोचवणारा भाग माझा होता. एकदा ग्राहकाला काम दाखवताना पडद्यावर 'सेवा सुरू' असं उमटलं, पण सेवा काही चालेना. "निरोप आलाय, पाहुणे कुठायत?" आमचे साहेब खवचटपणे म्हणाले. बाईंनी आपला कोड पुन्हा तपासला आणि मला विचारलं, "अहो, तुमचा निरोप सेवा खरंच सुरू झाल्यावरच जातो ना?" मी "हो" म्हणालो. सुरू करायचा हुकूम मिळताच, सेवा चालू व्हायची वाट न पाहता, निरोप धाडायची सोय मीच चाचणीपुरती केली होती. ती काढली की राहिली, तेव्हा आठवेचना. तो विसर होता की भीती, हे मला अजून कळत नाही. दुपारी पाहिलं, तर ती तिथंच होती. मी गुपचूप काढून टाकली. तोवर साहेबांनी ते काम बाईंकडून काढून घेतलं होतं. "माझंच काहीतरी चुकलं असणार, पण कुठे ते सापडत नाही," असं त्या म्हणत राहिल्या. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, एवढं त्यांना सांगणं माझ्याकडून अजून राहिलंय.