प्रशील सज्ञान निघाला

शिरपूरच्या द्रौपदाबाईंनी छत्तीस वर्षांत आपल्या मुलाबद्दल डॉक्टर, मास्तर, नातेवाईक आणि एसटीचे कंडक्टर यांच्याकडून बरंच काही ऐकून घेतलं होतं. त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं. म्हणून धुळ्याच्या एका दवाखान्यात काउंटरवरचा माणूस जेव्हा म्हणाला, "मावशी, तुमचा मुलगा सज्ञान आहे," तेव्हा बाईंनी त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं.

"सज्ञान आहे हो. म्हणून तुमची सही चालणार नाही."

पुढचं वाक्य बाईंच्या कानात शिरलंच नाही. कित्येक वर्षं शाळेत खिचडी शिजवण्यात गेलेली. ज्ञान म्हणजे काय, एवढं वर्गाबाहेर तांदूळ निवडतानाही कळतं.

प्रशीलला हर्निया झाला होता. ऑपरेशन घाईचं नव्हतं, पण करायचं होतं, आणि त्यासाठी संमतीची सही हवी होती. प्रशीलला सही येत नव्हती. जन्मला तेव्हा तो रडला नव्हता, तेवढ्यात मेंदूचं जे व्हायचं ते झालं. बोलायचा थोडं, तेही घरच्यांशी. दाढी आई करून द्यायची. मात्र नळाला पाणी आलं की गल्लीत पहिली बादली त्याची लागायची, आणि शेजारच्या खातूनआपांच्या दारातही दोन बादल्या तोच नेऊन ठेवायचा. गल्ली त्याला वेडा म्हणायची. फुकट पाणी भरून देणाऱ्याला दुसरं म्हणणार तरी काय?

घरी येताना बाईंनी जिलबी आणली आणि दारोदार वाटली.

"डागतरनी सांगं, मना पोऱ्या सज्ञान शे," त्या खातूनआपांना म्हणाल्या.

आपांनी मुबारक म्हणून दोन घेतल्या.

हा आनंद संध्याकाळी सोनगीरहून मुलीचा, वृषालीचा, फोन येईपर्यंत टिकला. वृषाली अंगणवाडीत सेविका. तिला सरकारी मराठी येत होती.

"माय, सज्ञान म्हणजे अठरा वरीस पुरा व्हयेल. बठ्ठाच व्हतस."

अठरा पुरी झाली की सगळेच सज्ञान, त्यात प्रशीलचं असं काही नव्हतं. मग वृषालीने समजावून सांगितलं. मूल अठराचं झालं की कायद्याच्या लेखी आई त्याची कोणी नाही. अशा मुलासाठी कलेक्टर ऑफिसातली समिती पालक नेमते, तसा कागद देते. आज दवाखान्यात अडलं, उद्या आणखी कुठे अडेल. बाई एकाहत्तरच्या. त्यांच्यामागे प्रशीलसाठी सही करणारं कागदावर कोणीच नव्हतं. वृषाली पालक व्हायला तयार होती, तिच्या नवऱ्याचीही ना नव्हती. आईने अर्जावर अंगठा दिला की झालं.

अर्ज आला. वृषालीने वाचून दाखवला. त्यात एक ओळ होती: सदर व्यक्ती स्वतःचे हित समजण्यास असमर्थ आहे.

"हाई कोनी लिखं?" बाईंनी विचारलं.

"छापेल शे, माय."

"छापनाराले सांग, मना पोऱ्याले बठ्ठं समजस."

आणि अर्ज पत्र्याच्या पेटीत गेला. दोन महिने तो तिथेच राहिला. गल्लीने काहीही म्हणावं, पण आईने आपला अंगठा लावून तेच म्हणायचं, हे बाईंना पटत नव्हतं. त्यांचा रागच होता त्या ओळीवर.

मग एका सकाळी भरलेली बादली उचलताना प्रशील खाली बसला आणि पोट धरून कण्हू लागला. डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली. दुसऱ्या दिवशी नळ आला तेव्हा तो रिकामी बादली मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहिला. त्याच दुपारी बाईंनी पेटी उघडली.

समितीने तारीख दिली. मायलेक एसटीने निघाले, वृषाली सोनगीरला चढली. सीटवर बसल्या बसल्या तिने आईला बजावलं, "तठे त्यानी हुशारी सांगत बसू नको. काही समजस नही, इतलंच सांग."

टेबलापलीकडे समितीचे तिघं बसले होते. मधले साहेब भले वाटले. त्यांनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, "मुलाला कितपत समजतं?"

वृषालीने शिकवलेलं वाक्य बाईंनी प्रशीलदेखत कधीच उच्चारलं नव्हतं. टेबलाच्या कडेकडे बघत त्या पाठ केल्यासारखं शुद्ध मराठीत म्हणाल्या, "त्याला काही समजत नाही, साहेब."

साहेबांनी मान हलवली. पण ज्याच्यासाठी अर्ज आहे त्याचंही मत विचारावं, असा नियम ते पाळत असावेत. ते प्रशीलकडे वळले. "प्रशील, आई नसली की ताईकडे राहशील ना?"

प्रशीलने साहेबांकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. मग आईचा पदर धरला.

"माय, तू कोठे जाशी?"

साहेबांचं पेन कागदावर टेकलं होतं ते तिथेच राहिलं. वृषालीने खिडकीकडे तोंड फिरवलं. साहेब कागदावरच्या त्या छापील ओळीकडे बघत राहिले.

द्रौपदाबाईंनी पदर सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हाताने पेनाखालचा कागद साहेबांकडे आणखी सरकवला.

"लिखी टाका, साहेब," त्या म्हणाल्या. "त्याले काहीच समजस नही."