शत्रूच्या गाडीत पाणी

आज तीन जानेवारी, मसाल्याच्या बाटल्या धुवायला काढल्या. मोहरीच्या बाटलीवर अजून ‘जेवणानंतर दोन’ असे छापलेले दिसले आणि सांगलीच्या डॉक्टरीणबाई आठवल्या. लष्करात ट्रक चालवून निवृत्त झालेल्या माझ्या सासऱ्यांना कॅन्सर झाला होता. केमो चालू होती आणि कवठे महांकाळच्या नणंदेने पाठवलेल्या अँटिऑक्सिडंट गोळ्या ते फुटाण्यांसारख्या खात होते. मी तक्रार केली तर बाईंसमोरच म्हणाले, “आवं, ताकदीच्या हायत त्या!” बाईंनी त्यांच्याच भाषेत समजावले, “आजोबा, कॅन्सर वाढवणारं जनुक म्हणजे अडकलेला ॲक्सिलरेटर. पेशी सुसाट पळते, आतून तापते. ही आतली उष्णता फार वाढली तर तीच मरते, आमची काही औषधं तेच करतात. पण ती लबाड, स्वतःला गार ठेवते. तुमच्या गोळ्या तिलाच गार राहायला मदत करतील. जेवणात आवळा खा, गोळ्या बंद.” सासरे ताठ झाले. “म्हंजी शत्रूच्या रेडिएटरात मीच पाणी वततुय व्हय?” दारातच त्यांनी खिशातली बाटली कचऱ्यात टाकली. आता ते ठणठणीत आहेत आणि गोळ्या आपणच ओळखून सोडल्या असे गावभर सांगतात. पण एका शब्दात ऐकणारा हा माणूस नव्हे, म्हणून तेव्हा दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी ते अंघोळीला जाताच मी त्यांची लष्करी ट्रंक उघडली. गणवेशाखाली दोन भरलेल्या बाटल्या राखीव ठेवल्या होत्या. गोळ्या खड्ड्यात पुरल्या, बाटल्या उकळून घेतल्या आणि एकीत मोहरी, दुसरीत जिरे भरले.